मालकाच्या बापाचं नाव

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. मी पंचेचाळीस वर्षांचा. गुळाच्या पेठेत एका अडत दुकानात एकटाच हमाल. डोक्यावर गुळाचा रवा होता, अख्खी ढेप, आणि दारात माझी आय उभी. राधानगरीकडनं आलेली, नव्या तांदळाचं गठुळं काखेत घेऊन. मला बघून तिनं हाक मारली, "म्हाद्या, ए म्हाद्या."

मालक गादीवरनं ओरडला, "ए म्हातारे, ते माझ्या बापाचं नाव हाय. पेठेत बोंबलू नगंस. तुझं पोरगं हितं बाळू हाय. बाळू म्हण."

मालकाचा वारलेला बाप महादेव. गादीच्या वर भिंतीला त्याचा हार घातलेला फोटो. त्याच्याखाली हमालाला म्हाद्या म्हणून कशी हाक मारायची? म्हणून कामाला लागलो त्या दिवशीच माझं नाव बदललं. मला विचारलं नाही. बाळू म्हटलं की ओ द्यायला लागलो.

आय माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असणार. काम जाईल ह्या भ्यानं मी म्हणालो, "आये, बाळू म्हण की."

म्हणाली. परक्याच्या पोराला हाक मारावी तशी. गादीवरची गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो.

संध्याकाळी खोलीवर ती धड जेवली नाही. ताट सरकवून म्हणाली, "आपल्या गल्लीत चार म्हादू. पर म्या हाक मारली की तूच पळत यायचास. आज कुणाला हाक मारली, ठावं न्हाई बाबा."

मला मान वर करवेना. मालकाचा दोष निम्मा. निम्मा माझा, आणि माझा निम्मा जड. नाव काही मोठं नव्हतं. आज्याचं तेच, चुलत्याचं तेच. शेणा-चिखलात हाका मारून मारून झिजलेलं. पण तिनं दिलेलं. आणि तिच्याच तोंडातनं मी ते काढून घेतलं.

सकाळी पहिल्या यष्टीत तिला बसवलं. माफी मागायची होती, ती तोंडातनं निघाली नाही. तसाच दुकानात जाऊन पायरीवर बसलो. गुळाची गाडी लागलेली.

"बाळू, चल, उतरून घे."

मी उठलो नाही. मालकानं परत हाक मारली. मी म्हणालो, "माझं नाव म्हादू हाय, मालक. बाळू कोन असंल त्याला बोलवा."

ऊन चढलं. गाडीतला गूळ पाझरायला लागला. मी उठलो नाही.