गोधडीवरचं ओरिनचं नाव

केझाया टॉलबर्ट जन्माची भित्री. विजेला भ्यायची, गाईला भ्यायची, अन् यादवी सुरू झाल्यापासून दाराची कडी वाजली तरी खाटेमागे दडायची. पण अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या त्या खेड्यात तिच्यासारखी सुई कुणाची चालत नव्हती, म्हणून पाद्री हॅस्किनबुवांनी तिलाच गळ घातली. सरकारी फौजेच्या जखमींसाठी गोधडी शिवायची, अन् दहा सेंट देईल त्याचं नाव तिच्यावर लाल दोऱ्यानं भरायचं. पुरी झाली की बुवा तिच्यावर हात ठेवून सगळ्या नावांसाठी प्रार्थना करणार, मग पैसे अन् गोधडी इस्पितळाला.

"बुवा, बंडखोर आसपास हिंडतायत. कुणाची घरं जाळायची ते आपणच त्यांना लिहून द्यायचं का?"

"नाव दिसल्याशिवाय आपली माणसं खिशात हात घालत नाहीत, बाई."

शेवटी शेजारची लविना आली. "माझ्या ओरिनचं घाल."

"अगं, तो बंडखोरांत आहे ना!"

"म्हणून तर. प्रार्थनेत त्याचंही येऊ दे. कोपऱ्यात घाल, बारीक. बुवांना दिसायला नको."

पण केझायाला एका आईला नाही म्हणवेना.

गोधडी शिवायच्या लाकडी चौकटीवरून उतरायच्या आधीच बंडखोरांचे घोडे आले. बाकीचे अंगणात कोंबड्या धरू लागले अन् आत आला तो नेमका ओरिन, दाढी वाढलेला, वाळलेला.

"वा, काकू. आमचं काम सोपं केलंत," म्हणत तो नावं वाचू लागला. आज गाव जळणार अन् ते आपल्या हातानं, एवढंच केझायाला कळत होतं. कोपऱ्याशी येऊन तो थांबला.

"हे कुणी घातलं?"

"तुझ्या आईनं."

"ओरिन, काय सापडलं रे?" बाहेरून हाक आली.

त्यानं दचकून दाराकडे पाहिलं. शत्रूच्या गोधडीवर त्याचं नाव! साथीदारांनी पाहिलं असतं तर एकही प्रश्न न विचारता गोळी घातली असती. हाही आपल्यासारखाच भ्यालाय, हे केझायाला दिसलं. त्यानं गोधडी ओढून काढली अन् अख्खी भिंतीतल्या पेटत्या शेकोटीत कोंबली.

"काही नाही, चिंध्या," तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "आई बरी आहे?"

"वाट बघते तुझी."

तो गेला.

रविवारी चर्चच्या अंगणात लविनानं तिला बाजूला घेतलं. "गोधडी जळायच्या आधी बुवांचा हात फिरला होता का गं तिच्यावर?"

फिरला नव्हता.

"फिरला होता," केझाया म्हणाली. पाद्रीबुवा चार पावलांवर उभे होते, तरी खोटं बोलताना ती भ्याली नाही.