बारीक खोट

गंगाखेडहून परभणीला येणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक तरुणी बसली होती, मांडीवर रुमालात बांधलेली डबी घेऊन. पलीकडच्या आजींनी प्रसाद समजून डबीला हात जोडले. मला हसू आलं, तिला नाही.

"प्रसाद न्हाई, आजी. माझ्या संशोधनातला ऑक्साईडचा पातळ थर हाय. लय थंड केला की यातून वीज वाया न जाता वाहती. पण चुंबकानं आत भोवरे उठतेत, गोदावरीत उठतेत तसे. ते हलले की वीज वाया जाती. म्हणून मी थराच्या स्फटिकात मुद्दाम बारीक खोट ठेवली. भोवरे तिथंच अडकतेत."

"अन् खोट जास्ती झाली तर?" आजींनी विचारलं.

"मागल्या टायमाला तेच झालं. वीज वाहायचा गुणच गेला. ह्यो थर बी वाया गेला तर परत करीन."

बस खड्ड्यात आदळली. आम्ही बाकीच्यांनी समोरचा दांडा धरला. तिनं दोन्ही हातांनी डबी धरली, आणि आजींनी तिला.