कच्चीच गळणारी उंबरं

निंबोल्याला मामाच्या केळीच्या बांधावर उंबराचं एक झाड आहे. केळीवर सावली पडते म्हणून आसपासची उंबराची झाडं लोकांनी एकेक करून तोडली. हे राहिलं, कारण मामी त्याखाली दत्ताच्या पादुका पुजते.

मी शहरात, शनवाऱ्यात राहतो, पेपरात काम करतो, सुटीला तिकडे जातो. उंबर खायची तिथली रीत ठरलेली आहे. पिकलं फळ फोडायचं, उन्हात धरायचं, आतले बारीक किडे उडाले की तोंडात टाकायचं. यंदा हे किडे उडताना पाहून मामाने ठरवलं की केळीवरची कीड इथूनच येते. त्याने पंप लावून सगळं झाड फवारून काढलं.

पुढच्या बहराचे घोस खोडाला लागले. फळं बोराएवढी झाली आणि गळू लागली. घरात सुनेला दिवस गेलेले. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. मामी उजाडताच झाडाखालचा सडा झाडून चरात लोटते, सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून.

मागच्या खेपेला मामीने मला गळलेली फळं दाखवली. "झाड पोटचं टाकून देतं, लक्षण चांगलं नाही," ती म्हणाली. मामा खाटेवरून म्हणाला, "छाप पेपरात, उंबराला नजर लागली."

अपशकुनाचं मामीच्या मनातून जावं म्हणून मी कारण सांगितलं. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. ती मादी किडीशिवाय फळत नाहीत आणि त्या किडीला अंडी घालायला दुसरी जागा नाही. ती पराग घेऊन बारीक भोकातून आत शिरते, पंख तुटतात, तिथेच मरते. तिची पिल्लं वाढतात तेव्हा फळही वाढतं. कीडच आली नाही, तर झाड फळ धरून ठेवत नाही.

"म्हणजे आत जीव नाही म्हणून टाकून देतं," मामी म्हणाली. "मी दुसरं काय बोलत होती?"



सून दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आई, बाबा फवारत होते ना, तेव्हा मी डबा घेऊन गेली होती. झाडाखालीच बसली. अंगावर टपटप पडत होतं."

"तेव्हा कुठं काय होतं!" मामा म्हणाला.

"होतं. मला मालूम नव्हतं, बस."

 डॉक्टरांना औषधाचं नाव लागेल, एवढं मी म्हणालो. मामा उठून पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हात रिकामे होते. औषधाचे डबे त्याने फवारणीनंतरच केळीच्या वाळल्या पानांसोबत जाळले होते.

"नाव?" मामीने विचारलं.

"निळं झाकण होतं," तो म्हणाला.

सुनेने चपला घातल्या. मी गाडी काढली.