वरच्या खोलीतलं भूत आणि गच्चीवरचा नवरदेव

माझं लग्न एका भुतामुळे ठरलं, आणि ते भूत मी अजून पाहिलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही जोगेश्वरीला एका इमारतीत सर्वात वरच्या मजल्यावर राहायचो. इमारतीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला, त्यामुळे आमची बाहेरची खोली ही सार्वजनिक मालमत्ता झाली होती. त्यातून दर गुरुवारी संध्याकाळी ‘वरची खोली’ नावाची भुताची मालिका लागायची. त्या वेळी आमच्या दाराशी चपलांचा असा ढीग पडायचा की नवा माणूस विचारायचा, “घरात कोणी गेलं का हो?”

कोणी गेलं नव्हतं. मालिकेतसुद्धा कोणी जात नव्हतं, हीच तर तक्रार होती! एक बाई हातात कंदील घेऊन जिना चढायची. वरच्या बंद खोलीत काहीतरी होतं. बाई दोन पायऱ्या चढायची, थांबायची, मागे बघायची, वारा सुटायचा, कंदील फडफडायचा आणि भाग संपायचा. पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच बाई, तोच जिना. (मला तर शंका होती की ती मधल्या आठवड्यात परत खाली उतरते.)

यावर मतं मात्र भराभर पडायची. माझे बाबा मूळचे मालवणकडचे, त्यामुळे भूत या विषयावर त्यांचा अधिकार कोणी नाकारत नसे. ते वैतागून म्हणायचे, “ह्या भुताक कामधंदो नाय! आमच्या गावचो देवचार आसतो, तर पयल्याच भागात थोबाडीत मारून मोकळो झालो आसतो!”

तळमजल्यावरचे कांबळेकाका बँकेत होते आणि विज्ञाननिष्ठ होते. “भूतबीत काही नसतं हो. पुतण्या आहे आत. इस्टेटीसाठी चाललंय सगळं.” हे ते पहिल्या भागापासून सांगत होते. (कंदील विझला की बाबांचा हात मात्र तेच घट्ट धरायचे.)

आईचं मत स्वतंत्र होतं. “एवढा मोठा जिना, पण केर कोण काढतं गं त्या घरात?”

आणि मी? मी त्या काळात कलात्मक होतो. मी दाढीवरून हात फिरवत म्हणायचो, “संथपणा हाच या मालिकेचा आत्मा आहे. दिग्दर्शकाला मौन बोलकं करायचंय.”

“मौनच बघूचा तर टीव्ही कित्याक लावतास? बंद करून बस!” बाबा म्हणायचे आणि सगळी खोली हसायची.

अशात मुलुंडच्या परबांच्या मुलीचं स्थळ आलं. तोवर मला इतके नकार आले होते की पोस्टमन दिसला तरी आई म्हणायची, “जाऊ दे, दुसरी बघू.” पण या वेळी संध्याचा फोटो बघितला आणि मी खरोखरच पाघळलो. सरळ कॅमेऱ्यात बघणारे, हसू दाबलेले डोळे. मनात म्हटलं, ही नाही म्हणाली तर मग वाट लागली, पुढे कोणाचा फोटोच बघायला नको.

रीतीप्रमाणे आम्ही त्यांच्याकडे जायचं. पण परबांच्या घरात रंगकाम चाललं होतं, म्हणून मुलीला घेऊन तेच आमच्याकडे यायला निघाले. त्यांनी वार कळवला गुरुवार. नेमका शेवटच्या भागाचा गुरुवार!

“वार बदलायला सांग ना,” मी आईला म्हटलं.

“काय सांगू? त्या दिवशी आमच्याकडे भूत यायचंय म्हणून?”

गुरुवारी मी पांढराशुभ्र कडक शर्ट घालून तयार झालो. पाहुणे यायच्या आधीच चपलांचा ढीग पडला. आणि टीव्हीवर मुंग्या! कावळ्याने घरटं बांधताना अँटेनाची दिशा फिरवून ठेवली होती. “बाळ्या, पटकन वर जा,” आई म्हणाली. “दोन मिनिटांचं काम आहे.”

मी गच्चीवर गेलो आणि अँटेना फिरवली. आमची खिडकी बरोबर खाली. कांबळेकाका खिडकीत उभे राहून बातमी देत होते.

“आलं का?”

“नाही! जरा डावीकडे! अजून! आलं! झकास!”

मी हात सोडला.

“गेलं! धर, धर!”

धरलं की यायचं, सोडलं की जायचं. त्या अँटेनाला माझ्या देहाचीच गरज होती. तेवढ्यात खाली रिक्षा थांबली आणि अबोली रंगाच्या साडीतली एक मुलगी उतरताना मला वरून दिसली. म्हणजे तिची वेणी दिसली.

“काका, मी खाली येतोय! मुलगी आलीय!”

“मुलगी बसेल आरामात! तू हलू नकोस, बाई जिना चढायला लागलीय!”

यापुढे आमच्या खोलीत काय झालं, ते मला नंतर ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितलं. सर्वांना मान्य असलेला भाग असा : परब आत आले, खुर्चीत टेकले आणि त्यांनी विचारलं, “मुलगो खंय?”

“वर आसा,” बाबा म्हणाले आणि टीव्हीकडे वळले.

परबांनी छताकडे बघितलं, पण तेवढ्यात त्यांची नजर टीव्हीवर पडली आणि ते मुलाला विसरलेच. कारण तेही मालिकेचे भक्त निघाले! आईने पोहे पुढे केले, तर त्यांनी बशी हातात धरून घोषणा केली, “ही बाय जिवंत नायच. हीच भूत!”

कांबळेकाका खिडकी सोडून आत वळले. “छे हो! पुतण्या आहे आत. साधी गोष्ट आहे.”

“पुतण्यो? वारो सुटता तो काय पुतण्यो फुंकता?”

“स्टुडिओत पंखा असतो!”

“म्हणजे मी खुळो?”

“मी तसं म्हटलं नाही. पण तुम्ही विचार करा.”

परब उठले! बशी टेबलावर आपटली. “चल गो संध्या. जंय भूत मानणत नाय, त्या बिल्डिंगीत माझी पोर देवचंय नाय!”

वर मी तारेसारखा ताठ उभा. भांडणाचा आवाज चढला तसा खालचा शब्दन् शब्द ऐकू येऊ लागला. “काका, भूत आहे म्हणा ना!” मी ओरडलो. पण काका तत्त्वाचे पक्के. नेमक्या त्याच वेळी बाई वरच्या दाराशी पोचली आणि पडद्यावर ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ अशी पाटी आली. खोलीत हाहाकार झाला. परबसुद्धा दारातच थबकले.

मालवणी माणसापुढे संकट आलं की एकच उपाय असतो : गाऱ्हाणं. वडीलधाऱ्याने नारळ हातात घेऊन देवापुढे मागणं मांडायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला “व्हय म्हाराजा!” म्हणून होकार भरायचा. एकदा भरलेला होकार मागे घेता येत नाही. कोर्टाचा निकाल फिरेल, पण हा फिरत नाही. बाबांनी संध्याच्या ओटीसाठी आणलेला नारळ उचलला आणि ते टीव्हीपुढे उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा! ही बाय कधीधरना जिनो चढता हा, तिका आज खोलयेत पोचव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी इमारत गरजली.

“आत भूत आसात, पुतण्यो आसात, जा काय आसात ता आज भायर काड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात कांबळेकाकांचाही आवाज होता. (“मी फक्त पुतण्यापुरतं म्हटलं,” असा खुलासा त्यांनी नंतर केला.)

“आणि ही पोर आज ज्या कामाक ह्या घरात इली, ता काम ह्याच घरात पार पडांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सर्वात मोठा आवाज परबांचा!

परबांचा हात तोंडावर गेला, पण शब्द बाहेर पडला होता आणि नारळाने ऐकला होता. तेवढ्यात कोणीतरी खळखळून हसलं. ती संध्या होती. तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, गच्चीवर, गंजका पाइप कवटाळून. आणि मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी दोन्ही हात वर केले.

खालून किंकाळी उठली. झालं होतं असं की पाटी गेली होती, बाईने कडी काढली होती, दार किलकिलं झालं होतं, आणि पडद्यावर मुंग्या!

मी धावत घरात शिरलो. शर्टावर गंजाचे पट्टे, केसांत कावळ्याच्या घरट्यातल्या काड्या. सगळी इमारत मला शिव्या देत होती. आई ओशाळून परबांना म्हणाली, “हा आमचा मुलगा.”

परबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “अँटेना सोडली ती ह्येनीच?”

पुन्हा वर जाऊन धरेपर्यंत बातम्या लागल्या होत्या. शेजारच्या इमारतीत चौकशी केली, तर तिथे शेवट बघितलेल्या प्रत्येकाने वेगळाच शेवट सांगितला. काहींच्या मते दार उघडलं आणि मालिकाच संपली. मी म्हटलं, “बघा! मौन बोलकं झालं.” कोणी हसलं नाही.

निघताना आम्हा दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. मी उदारपणे म्हणालो, “हे बघा, वडिलांनी शब्द दिला म्हणून हो म्हणू नका.”

“शब्दासाठी हो म्हणत नाहीये,” संध्या म्हणाली. “कोणी सांगितलं म्हणून नवा शर्ट घालून इतका वेळ वर उभं राहायचं, तेही कुरकुर न करता! असा माणूस मी पाहिला नव्हता.”

एवढं कौतुक माझं आयुष्यात कोणी केलं नव्हतं. मी तरंगतच होतो, ते लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपर्यंत. तेव्हा तिने मला माळा साफ करायला स्टुलावर चढवलं आणि स्वतः खाली निवांत चहा घेत बसली. मग मला कळलं की आमच्याकडे त्या गुरुवारी इतका गोंधळ झाला, तरी मुलगा बघण्याचा कार्यक्रम अगदी व्यवस्थित पार पडला होता.