पावलांचा दगड कुठून उचलला?

१९६८, फेब्रुवारी. आमची मुलगी गेली. जबाबदार कोणी नाही. डॉक्टरांनी शक्य ते सर्व केले, हे मी तेव्हाही मान्य केले होते.

१९७१ ते १९८५ यांमधला एक दिवस, जो मला ठाऊक नाही. तिच्या उशाशी बसवलेला दगड उचलला गेला. जबाबदार: ती जिथे मातीत आहे त्या काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, वारसा समिती, आणि दफनभूमी या समितीच्या हवाली करणारे चर्चचे विश्वस्त.

१९८५, ऑक्टोबर. तो दगड आम्हाला भुताच्या गोष्टीचा पुरावा म्हणून दाखवण्यात आला. जबाबदार: तीच समिती.

आम्ही राहतो त्या शॉमबर्गहून गाडीने जवळजवळ दिवसभर दक्षिणेला गेले की ती काउंटी लागते. कधीकाळी इंग्रज शेतकऱ्यांनी वसवलेली. कुंपणांऐवजी झुडपांच्या रांगा, बुटके दगडी चर्च, उतरत्या छपरांची घरे. तिथल्या पंपांच्या कारखान्यात माझी पहिली नोकरी होती, आणि आमची मुलगी तिथेच जन्मली. ती बारशाआधी गेली. इतक्या कोवळ्या जिवाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. चर्चच्या वृद्ध पाद्रींनी आमचा धर्म न विचारता आवारातली जागा दिली. दगडावर नाव काय घालायचे, एवढेच त्यांनी विचारले.

"बारसंच झालं नाही, तर नाव कुठून आणू?" पत्नी मला म्हणाली. मग तिने कागदावर दोन पावले काढून दिली: गौरी घरात येताना आपण उंबऱ्यापासून आत काढत जातो, तशी. पाथरवटाने ती कोरली. डाव्या पावलाच्या करंगळीवर त्याची छिन्नी घसरली आणि कपचा उडाला. तो दुसरा दगड द्यायला तयार होता. पत्नीने नको म्हटले. नाव नाही, तारीख नाही, फक्त ती पावले. १९७१ मध्ये नोकरीने आम्हाला टेक्सासला, अर्विंगला नेले. तिथून पुन्हा उत्तरेला येऊन शॉमबर्गला स्थिरावलो, तोपर्यंत पाद्री वारले होते.

१९८५च्या त्या ऑक्टोबरात आमच्या मराठी मंडळाने त्याच काउंटीची सहल काढली. "इंग्लंड पाहून आल्यासारखं वाटतं, आणि व्हिसाही लागत नाही," असे आमच्या एका डॉक्टर मित्राने सगळ्यांना पटवले होते. आमची हकिकत त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. पत्नीने पिशवीत दुधाची छोटी बाटली घेतली होती. सगळे चहाला बसले की आपण दोघांनी आवारात जाऊन यायचे, असे आमचे ठरले होते.

आवार नव्हते. त्या जागी कातरलेली हिरवळ होती आणि हिरवळीवर चहाची टेबले. लोक हसत होते, कपांचे आवाज येत होते. पण त्या सबंध हिरवळीवर एकही पक्षी उतरत नव्हता, आणि हे लक्षात आल्यावर मला दुसरे काही पाहता येईना. दफनभूमीचे दगड भिंतीला टेकवून ओळीने उभे केले होते. त्यांत आमचा नव्हता.

लांब झग्यातली, डोक्याला जुन्या धाटणीची टोपी बांधलेली मार्गदर्शिका आम्हाला चहाघराच्या दाराशी घेऊन गेली. दारातली पायरी तिने हाताने दाखवली. पायरीत दोन लहान पावले होती.

तिने सांगितले, ते असे: फार पूर्वी एका इंग्रज घरातली मुलगी थंडीत अनवाणी बाहेर पडली आणि परतली नाही. ही तिची पावले. संध्याकाळी कधीकधी तिचे रडणे ऐकू येते. पावलांवर नाणे ठेवले तर ती मागे लागत नाही.

डॉक्टरांनी खिशातून एक नाणे काढून ठेवले आणि वळून म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. भूत इंग्रज आहे. मागे लागलंच तर चहा मागेल."

सगळे हसले. पत्नी खाली बसली होती. तिची नजर पायरीवर नव्हतीच. ती दाराकडे पाहत होती, आणि तिचा अंगठा डाव्या पावलाच्या करंगळीवर, तुटलेल्या जागी, जाऊन थांबला होता.

"अहो," ती हळू म्हणाली, "पावलं उलटी बसवलीत. बाहेर निघालीत."

मग मला म्हणाली, "तिला विचारा, रडणं कोणत्या बाजूनं येतं."

मी तो प्रश्न इंग्रजीत विचारला. मार्गदर्शिका हसून म्हणाली, की असे आजवर कोणी विचारले नव्हते. हिरवळीकडून येत असावे. मग मी दुसरा प्रश्न विचारला: हा दगड कुठून आणला? ती गोंधळली. आवाराची बाग करताना ज्या दगडांवर नाव नव्हते ते कामाला घेतले, असे तिने ऐकले होते. कोणता कुठला होता, हे समिती सांगेल.

तोवर पत्नी हिरवळीवर गेली होती. बाटलीतले दूध मुलीच्या जागी ओतायचे, तर ती जागा कोणती हेच आता कळत नव्हते. म्हणून ती टेबलांमधून चालत थेंब थेंब सांडत राहिली. ऊन उतरले होते. आमचे लोक कप हातात धरून बघत होते. डॉक्टरांनी जाऊन पायरीवरचे नाणे उचलले आणि ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. कोपऱ्यातल्या एका टेबलाखाली पत्नी वाकली आणि तशीच राहिली. तिने मान किंचित कलती केली, पाळण्याशी करतात तशी. त्या वेळी मी जे ऐकले ते मी पुरावा म्हणून देत नाही. डॉक्टरांनीही ऐकले; त्यांची मान त्याच टेबलाकडे वळली.

मी समितीला पत्रे लिहिली. उत्तर आले, की दगड प्राचीन असून आमच्या म्हणण्याला आधार नाही. कोणत्याही इंग्रज वंशाच्या घराण्याने त्यावर हक्क सांगितलेला नाही. हे खरे आहे. इंग्रज घराण्याने सांगितलेला नाही. हक्क मी सांगितला आहे, आणि मी तिचा बाप आहे.

पत्नी आता दारातून आत येताना रोज मागे वळून बघते आणि कोणासाठी तरी दार क्षणभर उघडे धरते. मी तिला थांबवत नाही.

दगडाची भरपाई मला नको, माफीनामाही नको. हे मी मराठीत आपल्या माणसांसाठी लिहिले असून याची इंग्रजी प्रत समितीकडे पाठवली आहे. माझी मागणी एकच. समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्याच काउंटीच्या वर्तमानपत्रात, स्वतःच्या सहीने, सर्वांना वाचता येईल असे लिहावे: तो दगड हिरवळीच्या कोणत्या जागेवरून उचलला. माहीत नसेल तर माहीत नाही असे छापावे, आणि ती गोष्ट सांगणे त्याच दिवशी बंद करावे. ती मुलगी बाहेर निघून गेलेली नाही. ती तिथेच आहे. कुठे, ते सांगा.