बॅनरवरचा ग्लास

खून, दरोडे बरेचसे विसरलो. एका कापलेल्या बॅनरची केस मात्र निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा कर्जत तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कळंबकडच्या एका रिसॉर्टचा मालक सकाळीच तक्रार घेऊन आला. नाक्यावरच्या कुंपणाला लावलेला त्याचा मोठा बॅनर कोणीतरी कापला होता. शेजारच्या रिसॉर्टवाल्याचंच काम, असं त्याने ठासून सांगितलं. धंदेवाल्याला संशय घ्यायला आधी शेजारीच सापडतो. ठाणे अंमलदाराने अदखलपात्र नोंद केली आणि बीट हवालदाराला घेऊन मी नाक्यावर गेलो.

बॅनरवर पोहण्याच्या तलावाकाठी काही तरुण हसत उभे होते, हातात सोनेरी पेयाचे ग्लास. मधल्या पोराचा चेहरा आणि ग्लास धरलेला हात तेवढा गायब. बाकी कुठे ओरखडासुद्धा नाही. धंद्यातला वैरी एवढं निवडून कापत बसत नाही.

मालकाला त्या पोराचं नावही ठाऊक नव्हतं. खबऱ्याने दुपारपर्यंत नाव आणि वाडी आणली. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायचा, हल्ली दिसत नाही, असंही तो म्हणाला.

ठाण्यात आणताच पोराने कबूल केलं. "मीच कापला साहेब. बिलेडनं."

एवढी चटकन कबुली आली की मला शंका येते. ब्लेडची रेघ सरळ येते. हा फ्लेक्स ओढून कापलेला होता, विळ्याने गवत कापतात तसा. तुकडा कुठे आहे विचारलं, तर कधी ओढ्यात टाकला म्हणाला, कधी जाळला. नाव पोलिसांच्या नोंदीत गेलं तर भरतीच्या पडताळणीत अडकेल, हे माहीत असूनही तो कोणाला तरी वाचवत होता. आणि भरदुपारी त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

"फोटोत काय पीत होतास?"

"चा होता साहेब, गार केलेला. फोटोवाल्यानं दिलेला. तवा मी पीतच नव्हतो."

"आणि आता?"

"बॅनर लागल्यापासून कुनाची बी हळद असू दे, पोरं पयला गलास माज्याच हातात देतात. बॅनरवरचा हिरो नाय कसा म्हणतो, म्हणतात. चा होता म्हणून सांगितलं असतं तर हसले असते."

तेवढ्यात त्याची आई ठाण्यात आली. भाजीच्या पिशवीतून घडी घातलेला फ्लेक्सचा तुकडा काढून तिने माझ्या टेबलावर ठेवला.

"त्याला सोडा साहेब, मी कापला. रोज भाजी घेऊन तितनं जाते. बाया म्हणतात, तुजा पोरगा लय मोठा झाला गं. कशानं मोठा? माजा पोरगा हाय, मी घेऊन आले."

मी मालकाला बोलावलं आणि दारूच्या जाहिरातीला बंदी असते, याची आठवण करून दिली. तो हसला. "दारू कुठंय साहेब? चहा आहे तो. फोटोवाल्याला विचारा."

माणूस पुरता तयारीचा होता. त्याच्या चहाला कायद्याने हात लावता येत नव्हता, आणि वाडीतल्या हळदीत त्याच चहाची दारू झाली होती. मला त्याचा मनापासून राग आला. पण ही गोष्ट पेपरात गेलेली त्याला नको होती. तक्रार नाही, असं त्याने लिहून दिलं.

बाईने माझ्याकडे कात्री मागितली. तुकड्यातला ग्लास धरलेला हात कापून टेबलावर ठेवला आणि चेहरा पिशवीत घातला. "चल रं," ती पोराला म्हणाली, "उद्या पळायला उठायचं हाय."

हातभट्टीच्या कितीतरी धाडी मी घातल्या. पोरं वाईट संगतीने बिघडतात, असंच धरून चालायचो. संगतही कोणीतरी छापून नाक्यावर टांगतं, हे मला त्या बाईने शिकवलं.

पोरगा त्या वर्षी भरतीत लागला नाही, पण पळत राहिला. नाक्यावर लवकरच नवा बॅनर आला, मधे दुसऱ्या वाडीतला नवा पोरगा. पुढे एका सकाळी गस्तीवरून परतताना त्या बाईचा पोरगा पळताना दिसला. त्याच्या मागे धापा टाकत आणखी एक जण होता. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून गाडी हळू केली. नव्या बॅनरवरचाच पोरगा होता तो.