विभावरी आणि मिनोरीची तोंडी परीक्षा

विभावरी माझी मैत्रीण आहे, म्हणून तिच्याबद्दल गोड गोड लिहायची मला गरज वाटत नाही. दुबईच्या बर दुबई भागात, मीना बाजारातल्या एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचे क्लास आहेत. एका खोलीत मी गणित शिकवते, शेजारच्या खोलीत ती इंग्रजी. मध्ये प्लायवूडची भिंत. अठरा वर्षं मी त्या भिंतीतून तिचा आवाज ऐकते आहे आणि अठरा वर्षं माझी मुलं बीजगणित सोडवता सोडवता दचकतात. त्याआधी ती एका शाळेत होती. तिथे रोनित नावाच्या सहावीतल्या पोराला तिने अशी कानाखाली मारली की तो बाकावरून खाली पडला आणि ओठाला दोन टाके पडले. या देशात शिक्षकाने मुलावर हात उचलायचा नसतो, आणि कुठल्याच देशात उचलू नये. नोकरी गेली. पोलीस केस होता होता राहिली, तीही तिचा नवरा वासुदेव त्या पोराच्या आईवडिलांच्या अक्षरशः पाया पडून आला म्हणून.

मी तेव्हा तिला चांगलीच झापली होती. तिला काही पश्चात्ताप नव्हता. तिचे वडील डोंबिवलीला शाळेत इंग्रजीचे मास्तर. रोज संध्याकाळी ते मुलीला शुद्धलेखन घालायचे आणि प्रत्येक चुकीला पट्टीची धार बोटांच्या पेरांवर. एकदा करंगळी मोडली, ती वाकडीच जुळली. ते वाकडं बोट ती लोकांना पदक दाखवावं तसं दाखवायची.

"मला मार खाऊनच इंग्रजी आलं, मनोरमा," ती म्हणाली. "आज त्याच्यावरच जेवते आहे."

आमच्या क्लासमध्ये तिने कुणाला मारलं नाही, एवढं कबूल करते. पण टेबल आपटणं, डस्टर भिंतीवर फेकणं, पोरांची वही टराटरा फाडणं हे रोजचं. तरी मुलं यायची, कारण तिच्या मुलांना मार्क पडायचे.

गेल्या वर्षी जानेवारीत मिनोरी आली. अठरा वर्षांची जपानी मुलगी, जाड चष्मा, बरोबर आई. वडील एका जपानी कंपनीच्या अल क्वोजमधल्या गोदामाचे मॅनेजर. तीन वर्षांपूर्वी सगळे नागोयाहून आले होते आणि मुलगी जपानी शाळेचा बारावीचा अभ्यास घरी बसून पत्राने पुरा करत होती. तिला ऑस्ट्रेलियातल्या एका कॉलेजने नर्सिंगला घ्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, एकतीस मेच्या आत इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क पाठवायचे, बोलण्याच्या भागासकट. फी आजी देणार होती. वडिलांचं म्हणणं होतं की मुलीने टोइक द्यावी, कारण त्यांच्या ऑफिसात बढतीला तीच परीक्षा मोजतात. नेहमीच्या टोइकमध्ये बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं आणि वाचायचं. कॉलेजला ती चालणार नव्हती. हे मुलीने वडिलांना सांगितलं का, असं विभावरीने विचारलं, तेव्हा आई आणि मुलगी दोघींनी एकाच वेळी खाली बघितलं. आम्ही म्हटलं, जपानी माणसं, लाजत असतील.

तीच आमची चूक. विभावरीने परीक्षा निवडली तीही हीच समजूत धरून. जपानी मुलं परक्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, असं तिचं ठाम मत. आयल्ट्सला परीक्षक समोर बसतो, ते नको. टोफलला कॉम्प्युटरशी बोलायचं असतं, ते बरं. दोन महिने तिने मुलीकडून घोकून घेतलं. मिनोरीचं वाचन उत्तम, लिहिणं तर माझ्या मुलांना लाजवेल असं. बोलताना मात्र दर वाक्याला ती दाराकडे बघायची.

मार्चमध्ये ती परीक्षेला बसली. हेडफोन लावलेली पंधरा-वीस मुलं एकाच हॉलमध्ये, आणि बोलायची वेळ आली की प्रत्येक जण आपापल्या माइकमध्ये मोठमोठ्याने बोलायला लागतो. शेजारचा मुलगा तर ओरडतच होता. मिनोरीने चकार शब्द काढला नाही. बोलण्याच्या भागात जवळपास भोपळा.

निकाल आला त्या दुपारी विभावरीने तिला समोर बसवलं आणि तोंड सोडलं. दोन महिने फुकट गेले, जीभ घरी ठेवून गेली होतीस का, असं बरंच काही. मग टेबलावर असा हात आपटला की माझ्या बाजूची भिंत हलली. आणि नंतर एकदम शांत झालं. विभावरी चिडली की असं मध्येच कधी शांत होत नाही, म्हणून मी उठून गेले.

मिनोरीने चष्मा काढला होता. रडत नव्हती, हात वर करून तोंड झाकत नव्हती. चष्म्याच्या काड्या नीट मिटून तो डबीत ठेवला, डबी दप्तरात ठेवली, दप्तर पायाने टेबलाखाली सरकवलं आणि डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून ती बसून राहिली. डावा गाल पुढे. कुणीतरी तिला किती वेळा मारलं असेल म्हणजे ही सवय लागते, याचा हिशेब गणिताच्या बाईला करता येईना. विभावरी खुर्चीत मटकन बसली. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पहिल्यांदा बघितला.

तिने शिकवणी बंद केली नाही, पण त्या दिवसापासून आवाज खाली आणला. मुलीला फोनवर उत्तरं रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं, म्हणजे समोर कुणी नको. चार दिवसांनी तिने मला खोलीत ओढून नेलं आणि एक रेकॉर्डिंग लावलं. प्रश्न साधा होता, तुमच्या घरातल्या एका खोलीचं वर्णन करा. मिनोरी सांगते आहे, माझ्या खोलीला एक खिडकी आहे. मागे काहीतरी आदळतं. खिडकीतून पार्किंग दिसतं. काच फुटते, बाईचा एक आवाज येतो, ओरडण्याचा नव्हे, पोटात लाथ बसल्यावर हवा निघते तसला. खोलीत माझं टेबल आहे. पुरुषाचा आवाज, मग थाड, थाड, थाड, एकाच तालात. मी नऊ मोजले. टेबलावर पुस्तकं आहेत, मला ही खोली आवडते कारण ती शांत आहे. ते पाठ केलेलं वाक्य होतं. तिने ते न अडखळता म्हटलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोलीस. विभावरीलाही तेच वाटत होतं. पण मिनोरीने आमच्यासमोर हात जोडले. वडील आत गेले तर कंपनी काढून टाकेल, त्यांच्या नोकरीवरचे तिघांचे व्हिसा रद्द होतील, आईला आणि तिला नागोयाला वडिलांच्या आईच्या घरी जावं लागेल आणि ते सुटून तिथेच येतील. विभावरीने तिला बाही वर करायला सांगितली. दंडावर इस्त्रीच्या टोकाची जुनी खूण होती, त्रिकोणी, गुळगुळीत.

"मला पोलीस नको, सेन्सेई," ती म्हणाली. जपानीत बाईंना असंच म्हणतात. "मला मार्क द्या."

मग परीक्षा पुन्हा निवडायची वेळ आली. घरी बसून देता येतात अशाही परीक्षा आहेत, पण त्यात खोलीत दुसरा आवाज आला तर पेपर रद्द होतो. त्या घरात दुसरा आवाज येणार नाही याची हमी कोण देणार? टोफलच्या हॉलमधला गोंगाट पुन्हा नको. उरली आयल्ट्स, बंद खोली आणि समोर एकच माणूस. जी परीक्षा विभावरीने पहिल्याच दिवशी बाद केली होती ती. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि कामाला लागली.

समोर पुरुष परीक्षक आला तर? म्हणून वासुदेवला रोज ऑफिस सुटल्यावर परीक्षक बनवून बसवलं. बिचाऱ्याचं स्वतःचं इंग्रजी असं की मिनोरी पहिल्यांदा हसली ती त्याच्यामुळेच. मग बिल्डिंगचा वॉचमन हमदुल्ला, सहा फुटी पठाण, त्याला टाय लावून समोर बसवला. तो एकच प्रश्न पाठ करून यायचा आणि उत्तराला "माशाल्ला" म्हणायचा. मे महिन्यापर्यंत मुलगी दाराकडे न बघता, परीक्षेत लागतं तसं एका विषयावर सलग दोन मिनिटं बोलायला लागली.

परीक्षेला मूळ पासपोर्ट लागतो आणि तो वडिलांच्या कपाटात कुलपात. लेखी पेपरच्या दिवशी आईने तो काढून दिला आणि संध्याकाळी परत ठेवला. दोन दिवसांनी, शनिवारी दुपारी दोन वीसला तोंडी परीक्षा होती. आईने पुन्हा काढून दिला. या वेळी नवऱ्याच्या लक्षात आलं.

तो अकरा वाजता क्लासमध्ये आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दारात उभं राहून त्याने आम्हाला कमरेत वाकून नमस्कारही केला. मग चार पावलांत जाऊन त्याने मुलीच्या केसांना धरलं आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटायच्या आत विभावरी मध्ये घुसली. त्याने कोपर मागे मारलं ते तिच्या जबड्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती खाली पडली, त्याने तिच्या कानावर बुटाची लाथ घातली आणि पुन्हा मुलीकडे वळला. मी काय करत होते? मी दारात उभी राहून किंचाळत होते. पन्नास वर्षांची बाई, जन्मभर दुसऱ्यांना अक्कल शिकवणारी, आणि माझा पाय उचलेना. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

विभावरी उठली. तिच्या टेबलावर कागदांना भोकं पाडायचं जड लोखंडी पंचिंग मशीन असतं, ते तिने उचललं आणि त्याच्या मनगटावर मारलं. त्याच्या मुठीतले मुलीचे केस सुटले. मग पेरांवर मारलं. मग तोंडावर. तो भिंतीला टेकून घसरला तरी ती मारत होती, प्रत्येक फटक्यागणिक तिच्या तोंडातून रक्त आणि लाळ गळत होती. प्लायवूडच्या भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. हमदुल्ला धावत वर आला नसता तर तिने त्या माणसाला ठार मारलं असतं, याबद्दल मला शंका नाही. त्याने तिला मागून उचलूनच बाजूला केलं. तो माणूस दात चाचपत बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं भलतीकडेच वळलेली होती.

खालच्या दुकानदाराने पोलिसांना फोन केला होता. ते आले की मिनोरीलाही साक्षीला न्यायला लागणार, आणि मग दोन वीसची परीक्षा गेली. एकतीस मेच्या आत दुसरी तारीख नव्हती. विभावरीला जबडा हलवता येत नव्हता. तिने पासपोर्ट शोधून मुलीच्या हातात कोंबला, माझ्याकडे बघितलं आणि दाराकडे बोट केलं. ते तिचं वाकडं बोट होतं की कुठलं, मी बघितलं नाही.

"यल्ला, दीदी, आप जाओ," हमदुल्ला म्हणाला. "पोलीस को मैं बोलेगा."

टॅक्सीत मी तिच्या कपाळावरचं रक्त पाण्याच्या बाटलीने पुसलं, माझी ओढणी तिच्या कॉलरवर गुंडाळली. टेंगूळ डोळ्यावर उतरत होतं. मी म्हटलं, नाही जमलं तर नाही जमलं. तिने ओढणीची गाठ घट्ट केली. दोन वीसला आत गेली, दोन पस्तीसला बाहेर आली आणि मग मी तिला स्वतः पोलीस स्टेशनला घेऊन गेले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात अभिमान वाटावा असं फारसं नाही. दोघांच्या एकमेकांवर तक्रारी झाल्या. विभावरीची शिक्षा नक्की होती, शिक्षेनंतर कदाचित देशाबाहेर. त्याच्या कंपनीचा वकील आला आणि तडजोड झाली. दोघांनी तक्रारी मागे घ्यायच्या, कंपनी त्याला जपानला परत नेणार, मुलीच्या जाण्याला त्याने आडकाठी करायची नाही. त्याने प्लास्टरमधल्या हाताने कशीबशी सही केली. विभावरीने मिनोरीच्या आईला इथे थांबायला किती विनवलं, वकील बघते म्हणाली, घरी ठेवते म्हणाली. आई दोनदा वाकली आणि नवऱ्याबरोबर विमानात बसली. मला त्या बाईचा राग आला, अजूनही येतो, आणि तो चुकीचा आहे हेही कळतं.

निकाल आला तेव्हा मिनोरी वासुदेव-विभावरीच्या घरीच राहत होती. बोलण्यात नऊपैकी सात. लागत होते साडेसहा. ती ते सांगायला क्लासमध्ये आली. विभावरीचा जबडा तारांनी बांधलेला, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, ते आता कधीच येणार नाही. ती दातातल्या दातात बोलायची. तिने उजवा कान पुढे केला आणि विचारलं, दोन मिनिटांचा विषय काय होता?

"ज्याने तुम्हाला काही शिकवलं असा माणूस," मिनोरी म्हणाली. "मी तुमच्याबद्दल बोलले."

विभावरीचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं, इतक्या सगळ्यानंतर तिच्या पदरात काहीतरी पडत होतं. तिने विचारलं, काय सांगितलंस?

मिनोरीला खोटं बोलायची सवय नाही. तिने सांगितलं, "मी म्हणाले, माझ्या सेन्सेई ओरडतात. टेबल आपटतात. माझे वडील मारायच्या आधी जसे दिसतात तशाच त्या दिसतात. मार्चमध्ये मला वाटलं, आता त्या मारणार. मी वाट बघत होते."

विभावरी खुर्चीत पुढे सरकली. पण त्यांनी मारलं नाही, हे पुढचं वाक्य आम्हा दोघींना माहीत होतं, आम्ही ते ऐकायला तयार होतो.

"मग?" विभावरीने विचारलं. "त्याच्यापुढे काय सांगितलंस?"

"सांगायचं होतं, सेन्सेई. पण परीक्षकांनी मला थांबवलं. दोन मिनिटं संपली होती."

विभावरीने मान हलवली. तारांमधून हसायचा प्रयत्न केला, ते दुखलं. तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, सात चांगले मार्क आहेत म्हणाली आणि आत बाथरूममध्ये गेली. तिने नळ सोडला. मिनोरी माझ्याकडे बघत विचारत होती, मी काही चुकीचं बोलले का? मी म्हटलं, नाही, सगळं बरोबर बोललीस.

नळ बराच वेळ चालू होता.